बाळाच्या मेटाबॉलिक तपासणीसाठी इथली जेनेटिक ओपीडी: आमचा अनुभव

आम्ही पंढरपूरकडचे. मुलगा अकरा महिन्यांचा आहे. ताप आला की दूध ओकायचा, गळून पडायचा, श्वास खोल आणि भराभर चालायचा. सलाईन लावलं की पुन्हा खेळायला लागायचा, म्हणून पुढे कुणी तपासलंच नाही. दात येताहेत, इन्फेक्शन आहे, हेच ऐकत आलो. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी अशाच आजारपणात रक्तातला अमोनिया तपासला. तो वाढलेला निघाला आणि त्यांनी आम्हाला मुंबईला, इथे पाठवलं.

मला इथलं सगळ्यात जास्त काय पटलं असेल, तर डॉक्टरांनी आजाराचं नाव घाईने सांगितलं नाही. जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब घेऊन टीएमएस (मेटाबॉलिक आजार शोधायची रक्ततपासणी) केली. त्यात सी-३ नावाचा घटक वाढलेला होता. मोबाइलवर वाचून मी मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिडीमिया, म्हणजे शरीरात प्रथिनांचं नीट विघटन न होण्याचा जन्मजात आजारच धरून बसले होते. डॉक्टरांनी मात्र मलाच विचारलं, "ताई, तुम्ही अंडी, मटण काही खाता का?" आमचं माळकरी घर, त्यातून बाळ अजून बरंचसं अंगावरच पितं. आईच्या अंगात बी-१२ (अंडी-मटणातून मिळणारं जीवनसत्त्व) कमी असलं की अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते पुरत नाही आणि रिपोर्ट पुष्कळसा तसाच येतो, हे मला पहिल्यांदा इथे कळलं. माझं रक्त तपासलं, बी-१२ खरंच कमी होतं.

बाळाला बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली आणि लघवीची तपासणी पुन्हा केली. मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड उतरलं, पण नॉर्मलपर्यंत आलं नाही. म्हणून आता जनुकांची तपासणी पाठवली आहे, रिपोर्ट यायचा आहे. सासूबाई मलाच बोल लावत होत्या. समुपदेशक मॅडमनी त्यांना समोर बसवून शुद्ध मराठीत समजावलं: हा आजार निघालाच, तर सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून येतं, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के असतो. त्यानंतर घरात मला बोल लावणं थांबलं. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे इथल्या डॉक्टरांनी दिलेलं पत्र. ताप-उलटी झाली तर बाळाला उपाशी ठेवू नका, प्रथिनं तात्पुरती बंद, ग्लुकोजचं सलाईन लगेच, अमोनिया तपासा आणि तो नमुना बर्फात ठेवून तातडीने लॅबला द्या, असं सगळं त्यात सहीशिक्क्यानिशी आहे. मागच्या तापात ते पत्र तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक प्रश्न न विचारता सलाईन लावलं.

त्रासही सांगते. गर्दी प्रचंड, समुपदेशक एकच, बसायला बाकडी अपुरी. कडेवर आजारी बाळ घेऊन तासन्‌तास उभं राहावं लागतं, हे बदलायलाच हवं. रिपोर्ट इंग्रजीत असतात, पण विचारलं की समजावतात.

लांबून येणाऱ्यांसाठी: टीएमएसचं कार्ड नीट वाळवून कुरिअरनेही पाठवता येतं, तेवढ्यासाठी बाळाला प्रवास घडवू नका. आधी फोन करून विचारा. येताना आजारपणातले जुने रिपोर्ट आणा, बरं असतानाचे पुरत नाहीत. आईचा बी-१२चा रिपोर्टही सोबत ठेवा. निदान पक्कं झालं तर २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती सरकारने ठरवलेल्या ठरावीक रुग्णालयांमार्फतच (त्यांना सेंटर ऑफ एक्सलन्स म्हणतात). मुंबईत केईएम हे तसं केंद्र आहे.