मीटर नसलेलं घर: बांधकाम झकास, विजेचा हिशेब कच्चा

वीज मंडळात लाइनमन म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर मीटर नसलेलं घर बांधलं, म्हणून भावकी अजून हसते. पण लांज्याच्या आमच्या जागेपर्यंत खांब आणायचा तर खर्च सौरपेक्षा जास्त येत होता. छोटी, स्वयंपूर्ण घरं करणाऱ्या एका आर्किटेक्ट दुकलीला काम दिलं. नाव घेत नाही. अशी कामं आता बरेच जण घेतात, म्हणून लिहितोय.

घर म्हणाल तर साडेचार तारे. २४० चौरस फूट, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पश्चिमेला रुंद पडवी. त्यामुळे दुपारचं ऊन आणि पावसाची झड भिंतीपर्यंत पोचत नाही. संडासाला दोन शोषखड्डे: एक भरला की दुसरा सुरू, तोवर पहिल्यातल्याचं खत होतं. कणकवलीत गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी गोपुरी संडास करून दाखवला त्याला पिढ्या लोटल्या, तरी मला हे नवलाईनं समजावण्यात आलं. ऐकून घेतलं.

विजेला मात्र दोनच तारे. एक किलोवॉटची पॅनेलं, अडीच युनिटांची लिथियम बॅटरी. त्यांच्या हिशेबाच्या तक्त्यात पॅनेलांची दिवसाला चार युनिटं धरलेली. वर्षाची सरासरी म्हणून ठीक, पण जुलैत आमच्याकडे सूर्य दिसतो कुठे? तक्त्यात खर्चाच्या बाजूला पंखे, दिवे, फ्रीज, पंप सगळं होतं. खुद्द इन्व्हर्टर नव्हता. आमचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ३० वॅट खातो. चोवीस तासांचे ७२० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पाऊण युनिट! २८ वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे रात्रभर फिरवले तरी एवढी वीज जात नाही. पावसाची झोड लागली, फ्रीज बसला, सुरमई गेली.

फोन केला तर म्हणाले, "काका, बॅटरी वाढवू या." अहो, नळालाच पाणी नाही तर मोठं पिंप घेऊन काय करू? ढगातही पॅनेल थोडी वीज देतंच. पॅनेलं दुप्पट केली की ते थोडंही दुप्पट. मी तेच केलं, आता निभतं. फी देण्याआधी जुलैचा वेगळा तक्ता मागा.

पाण्याचंही तसंच. "दहा हजार लिटरची टाकी, उन्हाळाभर चिंता नाही." आम्ही दोघं रोज दीडशे लिटर वापरतो. ऑक्टोबरात भरलेली टाकी डिसेंबरात तळ दाखवते. विहीर आहे म्हणून बरं.

माळ्यावर झोपायची कल्पना पंचविशीतल्यांची. मे महिन्यात कौलांखाली भट्टी, आणि शिडी इतकी उभी की हिचे गुडघे बघूनच दुखतात. ही तक्रार त्यांनी लगेच मान्य केली, स्वखर्चानं जिना द्यायचंही कबूल केलं. सुतार गणपतीनंतर येतो म्हणालाय. कुठल्या गणपतीनंतर, ते विचारायचं राहिलं.