दाराशी कोणाला बसवावे: मांजर, तानुकी की खोकड?

जपानहून दुकानासाठी शुभचिन्ह आणायचे ठरले की निवड बहुधा तिघांत अडते: पंजा उंचावलेली मानेकी-नेको मांजर, पोट सुटलेला तानुकी (कुत्र्याच्या कुळातला, रकूनसारखा दिसणारा प्राणी) आणि धान्याची देवता इनारी हिचा कित्सुने. कित्सुनेला आपल्याकडे सर्रास कोल्हा म्हणतात, पण तो खरे तर खोकड आहे.

यांपैकी मुरलेले बहुरूपी शेवटचे दोघे. ‘खोकडाची सात रूपे, तानुकीची आठ’ अशी जपानी म्हणच आहे. मात्र दोघांच्या फसवणुकीची जात वेगळी. तामामो-नो-माए या रूपवतीच्या वेषात खोकड थेट सम्राटाला भुरळ घालते, तर तातेबायाशीच्या मोरिंजी मंदिराशी जोडलेल्या कथेतला तानुकी चहाची किटली होतो आणि चुलीवर चढवताच त्याचे पाय नि शेपूट बाहेर येतात. अर्थात तानुकी नेहमीच इतका भाबडा नसतो. ‘काची-काची यामा’ या कथेत तो म्हातारीचा जीव घेतो.

उपाहारगृहासाठी मी तरीही तानुकीच निवडेन. डोक्यावर गवती टोपी, एका हातात साके या तांदळाच्या मद्याची सुरई, दुसऱ्या हातात उधारीची वही, अशी त्याची शिगाराकी गावची मातीची मूर्ती दारात उभी असली की आत खाणेपिणे आहे हे सांगावे लागत नाही. 1951 मध्ये सम्राट हिरोहितो शिगाराकीला आले, तेव्हा हाती झेंडे दिलेल्या अशाच मूर्ती स्वागताला रांगेने मांडल्या होत्या आणि त्यानंतर त्यांची ख्याती देशभर पसरली. अडचण एकच: धनवृद्धीचे प्रतीक म्हणून त्याचे वृषण जमिनीला टेकतील एवढे मोठे घडवतात, आणि पाहुण्यांना त्याचा खुलासा करण्याची तयारी हवी.

किराणा किंवा कापडाच्या दुकानात मांजर बरी. डावा पंजा वर असेल तर ती गिऱ्हाईक बोलावते, उजवा असेल तर पैसा, असा रूढ समज आहे. म्हणून नव्या दुकानाला डावा घ्यावा. तळवा खाली झुकवून ‘इकडे या’ म्हणण्याची तिची खूण आपल्याला समजावून द्यावी लागत नाही. टोकियोच्या गोतोकुजी मंदिरातील मांजरींच्या हाती मात्र नाणे नसते. त्या संधी देतात, कमाई ज्याची त्याने करायची, अशी तिथली धारणा आहे.

खोकड मी नुसते शोभेसाठी आणणार नाही. क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानात, ज्याची स्थापना 711 सालची मानतात, तोंडात धान्यकोठाराची किल्ली धरलेला खोकड देव नसून देवाचा दूत आहे, आणि इनारीच्या देव्हाऱ्यावाचून फळीवर ठेवलेला दूत मला तरी पोरका वाटतो.