स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा: नऊ महिने वापरल्यावर

काटा घरी आला त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "सराफी काढतेयस का गं?" साडेतीनशे रुपयांचा, पांढऱ्या प्लास्टिकचा, वर स्टीलची तबकडी. 10 किलोपर्यंत वजन घेतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, याच तोंडवळ्याचे काटे बाजारात पन्नास नावांनी मिळतात.

घेण्याचं कारण नेहमीचंच. वय 44, बैठी नोकरी, वजन 61 किलो, उंची 160 सेंमी, तपासणीत साखर काठावर. चाला आणि खाण्याकडे लक्ष द्या, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. चालण्याचं कळलं, साताऱ्यात चढाला तोटा नाही. पण 'लक्ष द्या' म्हणजे काय करायचं? आमच्या घरात वावगं कुणी खातच नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आधी काटाच तपासला. दहा रुपयांचं दोनधातूंचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं. घरात शोधून दहा नाणी गोळा केली, तबकडीवर ठेवली, आकडा आला 77. म्हटलं, चला, सराफी जमेल.

पहिला धक्का तेलाचा. सकाळी फोडणी माझी, संध्याकाळी सासूबाईंची, दोघींचा हात वेगळा, त्यामुळे पळ्या मोजून हिशेब लागेना. शेवटी डबा फोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली. 5 लिटरचा डबा बरोबर 30 दिवसांत संपला. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला 910 ग्रॅम. म्हणजे 4,550 ग्रॅम, खाणारी चार माणसं, रोज माणशी 38 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी धरा, 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये ज्या आहारविषयक सूचना काढल्या, त्यात 2,000 कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप धरून 27 ग्रॅम दिलेत. आमचं तूप तर मी हिशेबात धरलंही नव्हतं.

इथे काट्याची एक सोय फार उपयोगी पडली. तेलाचा कावळा, म्हणजे तेल ओतायचं चोचीचं भांडं, काट्यावर ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं, मग कावळा उचलून कढईत तेल घालायचं आणि परत ठेवायचा. जेवढं तेल गेलं तेवढा उणे आकडा दिसतो. भांडं चिकट होत नाही, चमचा धुवायला लागत नाही. पहिल्या दिवशी मेथीच्या भाजीला माझ्या हातून उणे 41 गेले होते. आता चौघांच्या भाजीला 20 पुरतात. कांदा खाली लागतोय असं वाटलं की पाण्याचा हबका मारते. डबा आता 47 दिवस पुरतो. मटणाच्या रश्श्याला मात्र हा कायदा लागू नाही. तर्री नसलेला रस्सा आमच्या घरात कुणी पानात घेणार नाही, मीही नाही.

दुसरी गोष्ट डाळीची, आणि ती मला जास्त लागली. रोज डाळ खातो म्हणून प्रथिनांची काळजी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. कुकरला लावायच्या आधी तूरडाळ मोजली तर चौघांत 100 ग्रॅम! म्हणजे माझ्या वाट्याला 25, त्यात प्रथिनं साडेपाच ग्रॅम. बाकी वाटीत पाणी, चिंच, गूळ आणि समाधान. प्रौढ माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं धरतात, माझ्या वजनाला 50 ग्रॅम. सकाळचे पोहे, दोन चहा, दुपारच्या दोन पोळ्या, आमटी-भात, रात्रीची दीड भाकरी असं सगळं वहीत मांडलं तर 35 च्या आत. एरवी भाकरीला कुणी प्रथिनांत गणत नाही, पण 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत सहाएक ग्रॅम निघतात. आमटीपेक्षा भाकरीचाच आधार जास्त होता.

मग शिधा बदलला. डाळ 100 ची 180 ग्रॅम केली, आमटी दाट झाली, तक्रार कुणाचीच नाही. आठवड्यातून दोनदा कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, रात्री भिजत घालून. दुपारी चहाबरोबर बिस्किटांऐवजी 30 ग्रॅम फुटाणे. दोन उकडलेली अंडी म्हणजे 12 ग्रॅम, तीही माझ्याकडून रोज होत नाहीत. सोयाबीनच्या वड्यांत शंभराला 50 च्या वर प्रथिनं असतात, पण त्या घरात दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा उरल्या. एकादशीची खिचडीही एकदा मोजली: 80 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम कूट, बटाटा, तूप मिळून 600 कॅलरींच्या आसपास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, जी होती ती सगळी कुटाची. आता भगर आणि दाण्याची आमटी करते. आषाढीला मात्र खिचडीच.

तिसऱ्या महिन्यात माझं जरा बिघडलं, तेही सांगते. मी ताटातलं मोजायला लागले. भाताची मूद काट्यावर, पोळी काट्यावर, नणंदेकडच्या बारशाहून आणलेला कंदी पेढासुद्धा. 22 ग्रॅमचा भरला आणि खाताना गोडच लागला नाही. एक दिवस नववीतली मुलगी ताट घेऊन ओट्याशी आली नि म्हणाली, "आई, माझी पोळी किती ग्रॅमची आहे? मी अर्धीच खाऊ का?" वाढत्या वयाची पोर, रोज संध्याकाळी कबड्डी खेळून येते, आणि अर्धी पोळी विचारते! त्या दिवसापासून शिजलेलं अन्न मोजणं बंद. काटा डब्यांच्या फळीवर, कोरड्या शिध्याशेजारी गेला. तेल, डाळ, पीठ, साखर मोजून घ्यायची. एकदा ताट वाढलं की ज्याला जेवढी भूक तेवढं जेवायचं. जेवायच्या टेबलावर काटा येत नाही.

त्याचा दुसरा उपयोग मला सुचेल असं वाटलं नव्हतं: व्यायाम. जिमची वर्गणी एकदा भरून तीनदाच गेले होते. यंदा मुलीची जुनी सॅक घेतली, त्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि काट्यावर तोलली. तबकडी लहान, सॅकखाली आकडा झाकला जातो. म्हणून आधी पातेलं पालथं ठेवायचं, शून्य करायचं, मग वर सॅक. 3 किलोनं सुरुवात केली, पंधरा दिवसांनी अर्धा किलो वाढवायचा. आता 7 किलो पाठीवर घेऊन आठवड्यातून तीन दिवस 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चढते, रविवारी जमलं तर अजिंक्यतारा किल्ल्यावर, पण तेव्हा सॅकशिवाय. घरी ओट्याला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठाबशा. सुरुवातीला उतरताना गुडघा कुरकुरला, तेव्हापासून उताराच्या आधी वजन नवऱ्याच्या पाठीवर जातं. तो बिचारा फिरायला म्हणून आलेला असतो.

अंगाचं वजन नऊ महिन्यांत किती उतरलं? 2 किलो. ऐकणारे तोंड वाकडं करतात. कंबर मात्र 91 सेंमीवरून 85 वर आली. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 ची सांगतात, तेव्हा अजून बाकी आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. ते वाचल्यापासून बाथरूममधल्या काट्याशी माझं भांडण मिटलं. साखर काठावरून जरा मागे सरकली आहे, पुढची तपासणी दिवाळीनंतर.

आता काट्याच्या खोडी. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद पडतो आणि शून्य विसरतो. परातीत पीठ घेतलं, दारावर दूधवाला आला, परत येईतो हिशेब गेला. मीठ, हळद अशी चिमटीनं पडणारी वस्तू त्याला कळतच नाही. फार हळू वजन वाढलं तर तो ते खाऊन टाकतो. त्यासाठी भांडं एकदा उचलून परत ठेवावं लागतं. गरम कुकर ठेवला तर आकडा सरकत राहतो, तेव्हा ते करूच नका. बटणाच्या फटीत कणीक गेली की टूथपिकनं काढत बसा. पांढऱ्या प्लास्टिकवर हळदीचा डाग पडला तो पडलाच. सेल दोनदा बदलले, तेवढं ठीक.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर 10 किलोचाच घेईन, 5 किलोच्यात सॅक मावणार नाही. बटणसेलवाला घेणार नाही, तो सेल आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. आणि रंग काळा. सासूबाईंचंही हेच म्हणणं आहे; डिंकाच्या लाडवांचा डिंक त्या हल्ली काट्यावरच घेतात.