जनआरोग्य योजना, मजुराच्या बाजूने: ऑपरेशनला पास, गोळ्या-औषधाला नापास

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, म्हणजे दवाखान्यात दाखल पेशंटला मोफत उपचार देणारी राज्य सरकारची योजना, खानदेशाला नवी नाही. 2 जुलै 2012 ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबारला ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली. इतक्या वर्षांनंतर तिला 'सुरुवात आहे, चालायचंच' अशी सवलत देण्यात अर्थ नाही. इथे ती तपासली आहे पगारपत्रक नसलेल्या माणसासाठी: जिनिंगमधला (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला) हमाल, रावेर-सावद्याला केळीची गाडी भरणारा, सेंट्रिंगवाला, ऊसतोडीला जाणारं जोडपं.

आधी चांगलं. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे (आधी दीड लाख होतं), तेव्हा 1356 उपचार यादीत होते आणि रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमोथेरपी, मोडलेल्या हाडात रॉड टाकणं, ही कामं योजनेतून खरोखर होतात. मोठ्या आजारात घर किंवा शेत विकायची पाळी ज्यांच्यावर येऊ शकते, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, भूल, इम्प्लांट, तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं आणि घरी जायचं एसटीचं भाडं धरलेलं असतं. हे भाडं मागणारा पेशंट क्वचितच सापडेल, कारण ते मिळतं हेच त्याला कोणी सांगत नाही.

आता कागद. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र एवढंच लागतं, पण गाडी अडते ती नेमकी इथेच. रेशनकार्डावर 'लताबाई', आधारवर 'लता'. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नाही. बाळाचं नाव तर हमखास राहिलेलं. ही दुरुस्ती तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून पेशंट खाटेवर पडल्यावर तिच्यामागे धावून काही हाती लागत नाही. मजुरांच्या संघटनेने हे काम हंगाम सुरू व्हायच्या आधी, वस्तीत बसून, एका दमात उरकावं: प्रत्येक घराचं रेशनकार्ड आणि आधार शेजारी-शेजारी ठेवायचं, नाव अक्षरानुअक्षर जुळवायचं, जुळत नाही त्यांची वेगळी यादी करायची आणि सगळे अर्ज एकत्र नेऊन पोच घ्यायची.

बांधकाम मजुराला आणखी एक दार आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची चालू नोंदणी असेल तर त्या आधारावरही तो या योजनेत बसतो. 'चालू' या शब्दावर बोट ठेवायचं, कारण नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. शुल्क नाममात्र, 1 रुपया. खरी अडचण मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याच्या दाखल्याची. ठेकेदार सही देत नाही. सही दिली की मजूर आपल्याकडे होता हे कागदावर येतं. ग्रामसेवक म्हणतो, मी कुठे काम पाहिलं? मग तालुक्याच्या गावात दलाल बसतात आणि रुपयाच्या कामाचे हजार घेतात. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. मजूर अड्ड्यावर रोजची वही ठेवा: तारीख, साइट, ठेकेदार, मजुरी. ती वही आणि साइटवरचे फोटो घेऊन पंचवीस-तीस जणांनी एकदम दाखला मागितला की नकार तोंडी राहत नाही, तो लेखी द्यावा लागतो. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: 'हाडांचं काम योजनेत आहे का इथे?' नुसतं 'योजना आहे का?' विचाराल तर हो म्हणतील, कारण बोर्ड बाहेर लावलेलाच आहे. पण खासगी रुग्णालय ठरावीक विभागांपुरतंच योजनेत असू शकतं. किडनीचं काम योजनेत आणि हाडांचं रोखीने, असं एकाच इमारतीत चालतं. शिवाय यादीतले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यासाठी धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर जळगाव किंवा नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं.

मग आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं टेबल. तो पेशंटची ऑनलाइन नोंद करतो, डॉक्टर तपासणीचे रिपोर्ट जोडतात, पूर्वमंजुरीची विनंती वर जाते, मंजुरी आली की ऑपरेशन. तातडीचं असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतो, राहिलेले कागद मागाहून द्यायचे. पैसे उकळले जातात ते दाखल होणं आणि मंजुरी येणं यांच्या मधल्या वेळात. 'मंजुरी येईपर्यंत पाच हजार भरून ठेवा, नंतर परत देऊ.' 'योजनेतली प्लेट हलकी असते, चांगली हवी तर वरचे द्या.' 'ही इंजेक्शनं बाहेरून आणा.' मंजूर झालेल्या उपचारात या तिन्ही मागण्या बसत नाहीत. नातेवाईक घाबरलेला असतो, म्हणून देतो. मिळते ती कच्ची पावती, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा, ना दवाखान्याचं नाव, ना शिक्का.

तेव्हा पेशंटबरोबर दोघं हवेत, एक खाटेपाशी, एक टेबलापाशी. टेबलापाशी बसणाऱ्याने नोंदणी क्रमांक लिहून घ्यायचा, मंजुरीची तारीख विचारायची, पैसे मागणाऱ्याचं नाव आणि हुद्दा टिपायचा. पैसे द्यावेच लागले तर पक्क्या पावतीशिवाय देऊ नयेत. बाहेरून आणलेल्या औषधाचं बिल पेशंटच्या नावाचं हवं, सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी. मग 155388 किंवा 1800-233-2200 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा आणि त्याच दिवशी योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे तीच तक्रार लेखी द्यायची. हेल्पलाइन फोन उचलते, ऐकूनही घेते, पण नुसत्या फोनवर पैसे परत येतील या भरवशावर राहू नये. वजन पडतं ते कागदाचं, त्याहून जास्त कागदांच्या गठ्ठ्याचं. एकाच दवाखान्याच्या दहा तक्रारी, दहा बिलांसकट, एकत्र गेल्या की समोरचा माणूस खुर्चीत नीट बसतो.

ही पद्धत आपल्याकडे कोणाला शिकवायला नको. सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवायची प्रक्रिया राज्यात 2007 ला पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नंदुरबार होता. गावाने आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. त्याच्याही आधी, 1972 पासून, शहाद्याच्या श्रमिक संघटनेने जमीन आणि मजुरीसाठी आदिवासींना उभं केलं होतं. योजनेतल्या खासगी दवाखान्यांना असं प्रगतिपत्रक अजून लागू नाही, ते व्हायला हवं.

आता नापास कशात, ते. ही योजना दाखल झालेल्या पेशंटची आहे. बीपी, शुगर, जिनिंगच्या धुळीने धरलेला दमा, ओझ्याने गेलेली कंबर, यांच्या रोजच्या गोळ्यांना ती एक रुपया देत नाही. आणि मजुराचा निम्मा तोटा आजारात नसतोच, बुडालेल्या रोजात असतो. त्याचा विचारच योजनेत नाही. ईएसआयशी, म्हणजे पगारी कामगारांच्या कर्मचारी राज्य विम्याशी तुलना करा. पगार 21,000 पर्यंत, कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के; त्यात ओपीडी, औषधं आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराचे 70 टक्के. (त्यासाठी सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, हे मालक सांगत नाही.) पण जिनिंग, प्रेसिंग, साखर, गूळ हे कायद्याच्या लेखी 'हंगामी कारखाने', आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नाही. खानदेशात कापसावर जगणारा कामगार नेमका इथे गळतो. हंगामी असला तरी कामगाराचं फुप्फुस बारमाही असतं, एवढी साधी गोष्ट कायद्यात आणायला संघटनेलाच भांडावं लागणार आहे.

तोवर रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. राज्य सरकारचा 'आपला दवाखाना' दुपारी 2 ते रात्री 10 उघडा असतो, रोज न बुडवता जाता येतं. वेळ ठरवणाऱ्याचं कौतुक. तिथे महिन्याच्या गोळ्या एकदम मागाव्यात. आठवड्याच्याच दिल्या तर महिन्याला चार हेलपाटे होतात.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावची माणसं बारडोली-सुरतकडे जातात. तिथल्या खासगी दवाखान्यात महाराष्ट्राचं रेशनकार्ड दाखवून काही होत नाही. राज्याबाहेर चालतं ते केंद्राच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड. पात्र कुटुंबाने घरातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड दिवाळीआधी काढावं, कारण ई-केवायसीला तो माणूस स्वतः हजर लागतो. उलटही खरं: सेंधवा-खरगोनकडून चोपडा-यावलला मजुरीला आलेल्यांकडे आयुष्मान कार्ड असेल तर त्यांना इथल्या योजनेतल्या दवाखान्यातून 'तुम्ही बाहेरचे' म्हणून परत पाठवता येत नाही.

गुण: मोठ्या ऑपरेशनला पाचपैकी चार. कागदपत्रांना दोन. टेबलावरच्या वागणुकीला एकट्याने गेलात तर एक, संघटनेचा माणूस बरोबर असेल तर साडेतीन. ओपीडीला आणि बुडालेल्या रोजाला शून्य.