उमांगाइट, आठ महिने वापरून: दगड चोख, डबी भिकार

परवा डबीचं झाकण दुसऱ्यांदा तुटलं, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

उमांगाइट म्हणजे तांबं आणि सेलेनियमचं खनिज. जानेवारीत परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवला. २,८०० रुपये, कस्टमने घेतले ते वेगळे. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, पांढऱ्या कॅल्साइटमध्ये (चुनखडीतलं खनिज) गडद शीर. लेबलवर सिएरा दे उमांगो, ला रिओहा, अर्जेंटिना. म्हणजे मूळ गावचाच. जर्मन खनिजतज्ज्ञ क्लॉकमनने १८९१ साली या डोंगरावरूनच नाव ठेवलं. ताज्या कडेचा रंग करवंद दाताने फोडल्यावर आत दिसतो तसा. पहिल्या आठवड्यात भिंग खाली ठेववत नव्हतं.

मार्चपर्यंत ती कड निळी-जांभळी पडली. जूनमध्ये चेंबूरला पाऊस सुरू झाला, घरात मिठाला पाणी सुटायला लागलं आणि करवंद पार गेलं. आधीचा-नंतरचा फोटो लावून रागाने मेल केला. उत्तर आलं: हा खनिजाचा स्वभाव आहे, परत घेणार नाही. परत पाठवायचं पोस्टेजच दगडाच्या अर्धं होतं, म्हणून गप्प बसलो. पण मनात पक्कं बसलं की याने बोर्नाइट, म्हणजे तांबं-लोखंड-गंधकाचं खनिज, खपवलाय. तोही हवेत असाच मोरपंखी होतो आणि स्वस्त मिळतो. दोघांचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ३ च्या आसपास, म्हणजे ओरखडा काढून कळणार नाही. घनता बघावी तर उमांगाइटची साडेसहाच्या जवळ, बोर्नाइटची पाच. पण शीर कॅल्साइटमध्ये रुतलेली, वजन करणार कशाचं?

मग जुलैत झाकण पहिल्यांदा तुटलं आणि मोहरीएवढा कण सुटा पडला. पावसाने उघडीप दिली तेव्हा गच्चीवर चिमट्यात धरून लायटरवर तापवला. वाळत घातलेले कपडे काढायला आलेली आई म्हणाली, "कुणाकडे मुळा नासलाय रे?"

तोच वास! सेलेनियमचा. बोर्नाइटमध्ये गंधक असतं, त्याला काडी पेटवल्यासारखा वास आला असता. १८१७ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसलाही या मुळ्याच्या वासाने चकवलं होतं. त्याला आधी टेल्यूरियम हे मूलद्रव्य वाटलं, निघालं नवंच, सेलेनियम. (तुम्ही हे करू नका, धूर विषारी असतो. मी केलं तीही अक्कलशून्यताच.)

तेव्हा माझं मत बदललं. रंग जाणं हीच याची ओळख आहे. तरी माफीचा मेल टाकला नाही. 'हा लवकर जांभळा पडतो' एवढी एक ओळ जाहिरातीत लिहायला त्याचं काय जात होतं?

मित्र विचारतो, असल्या काळपट दगडाला एवढे पैसे? त्याच कपाटात कांदिवलीच्या खाणीतला प्रेहनाइट आहे, जवळपास फुकट मिळालेला आणि दिसायला दहापट देखणा. पण सेलेनियम सहसा स्वतःचं घर बांधत नाही. गंधकाच्या खनिजांत गंधकाच्याच जागी भाडेकरू म्हणून राहतं. तांबं शुद्ध करताना तळाशी बसणाऱ्या गाळातून कारखान्यांना ते मिळतं. फोर्टातल्या जुन्या झेरॉक्स मशिनांच्या ड्रमवर त्याचाच थर असे. गरम पाण्याच्या शिरांत गंधक कमी पडलं तरच तांब्याचे तीन अणू आणि सेलेनियमचे दोन असा संसार जमतो. तेही मोजक्या ठिकाणी: अर्जेंटिना, जर्मनीतला हार्त्स, स्वीडनमधलं स्क्रिकेरुम. बरोबर बहुतेकदा क्लाउस्थालाइट, बर्झेलियनाइट अशी सेलेनियमचीच भावंडं. आणि उमांगाइट बदलून जे खनिज होतं, त्याला १९२८ साली क्लॉकमनचंच नाव दिलं. हे वाचल्यापासून माझ्या शिरेतला एक निळा ठिपका मी रोज तपासतो.

आता डबी. बिजागरी कागदासारखी पातळ, कडेला रबर नाही, आतला फेस सुटलेला. जुलैत इन्स्टंट ग्लू लावला, तर त्याच्या वाफेने झाकण आतून पांढरं झालं. पारदर्शक डबीतला दगड बघायला झाकण उघडायचं, आणि उघडून उघडून परवा ते पुन्हा तुटलं. सध्या बाबांच्या व्हिटॅमिनच्या बाटलीत आहे, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चार पुड्या.

दगडाला चार तारे. डबीला एकही नाही. आणि बाटलीवर चिठ्ठी लावायला विसरू नका. काल बाबा ती हातात घेऊन पाणी मागत होते.