मुंबईतला फोर्ट भाग पायी बघायचाय: रविवारचा ग्रुप वॉक की चालू दिवशी एकट्याने?

दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. एकदा रविवारी सकाळी गाईडबरोबर पंचवीसेक जणांच्या घोळक्यात फिरलो, आणि नंतर दोनेक महिन्यांनी एका बुधवारी रजा टाकून एकटाच गेलो. भाग तोच, हुतात्मा चौक, सेंट थॉमस चर्च, हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉल आणि शेवटी शेअर बाजाराची दलाल स्ट्रीट. चालणं फार नाहीच, उभं राहणं जास्त.

आधी रविवारचं चांगलं सांगतो. फोर्टात बघण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक सगळं पहिल्या मजल्याच्या वर आहे, खाली नुसते बोर्ड, वायरी आणि एसीचे पाईप. रस्त्याच्या मधोमध उभं राहून मान वर करायची चैन फक्त रविवारी सकाळीच परवडते, बाकी दिवशी मागून कुणीतरी 'ओ भाऊ, साईड' म्हणत खांदा मारून जातंच. हॉर्निमन सर्कलच्या कमानींवर कोरलेले दगडी चेहरे मी इतकी वर्षं तिथून जाऊन-येऊन त्या रविवारी पहिल्यांदा बघितले, लाज वाटली थोडी.

आणि गाईड खरंच चांगला होता. आता सर्कल आहे तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि कापसाच्या गाठींचे ढीग पडलेले असायचे, मग 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईत पैसा इतका आला की समुद्रात भर टाकणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोकांनी वाट्टेल त्या भावाला घेतले, 1865 ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन आपटलं. त्यात त्या काळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंदही बुडाले, पण राजाबाई टॉवरला दिलेला पैसा त्यांचाच आणि नाव त्यांच्या आईचं. हे सगळं त्या जागेवर उभं राहून ऐकायला मजा येते, एकटं फिरताना हे कोण सांगणार. म्हणजे पुढच्या रांगेत असाल तर मजा येते, मागच्यांना अर्धं ऐकूच येत नाही.

पण मला खटकलं ते वेगळंच. दर थांब्यावर एक वाक्य यायचं, 'आज बंद आहे, पण आतून फार सुंदर आहे'. पहिल्यांदा काही वाटलं नाही, तिसऱ्यांदा हसू आलं, त्यानंतर मी मोजायला लागलो आणि सातपर्यंत पोचलो. त्यात त्या माणसाची काय चूक म्हणा, बँकांचा आणि दलालांचा भाग, रविवारी उघडं काय असणार. पण दलाल स्ट्रीटवर बंद शटरसमोर उभं राहून, पायाशी एक कुत्रं झोपलेलं, आणि आपण ऐकतोय की वडाच्या झाडाखाली दलाल कसे जमायचे, 1875 ला त्यांनी स्वतःची असोसिएशन कशी काढली, हे म्हणजे लग्नाचा हॉल दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेल्यासारखं झालं. चर्च उघडं होतं, पण आत प्रार्थना चालू, तेव्हा घोळका घेऊन कसं शिरणार.

बुधवारी तेच चर्च रिकामं मिळालं. 1718 चं आहे, चर्चगेट हे नाव याच चर्चवरून पडलं, आणि भिंतींवर तरुणपणीच वारलेल्या कंपनी सरकारच्या साहेबांच्या संगमरवरी पाट्या, अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर सगळे फोटो काढतात आणि परत फिरतात, मी वर जाऊन आतल्या लायब्ररीत डोकावलो, नाना शंकरशेटांचा पुतळा बघितला, जुन्या पुस्तकांचा वास घेतला आणि कुणी काही म्हटलं नाही. मग दुपारी एकच्या सुमाराला दलाल स्ट्रीटच्या आसपास जे काही चालू होतं ना, पांढऱ्या शर्टातली माणसं एका हातात कटिंग चहा आणि दुसऱ्या हातात फोन, डोळे फोनवर आणि बोलणं तिसऱ्याशीच, ते बघून वाटलं की हां, बाजार म्हणतात तो हा.

अर्थात फार अपेक्षा ठेवू नका. शेअर बाजाराच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला सोडत नाहीत, 1993 च्या स्फोटानंतर तिथे बंदोबस्त कडक आहे. आणि रिंगमधला, म्हणजे सौदे व्हायचे त्या हॉलमधला, तो हात वर करून आरडाओरडा 1995 ला कॉम्प्युटर आल्यावरच गेला, त्यामुळे तो दाखवणारा दिवस आता आठवड्यात उरलेलाच नाही. गर्दी, हॉर्न, ऊन हे सगळं आहेच. कॅमेरा बाहेर काढला की एखादा वॉचमन हटकतो, मलाही एकाने हटकलं.

लांबून येणार असाल तर चालू दिवशी सकाळची लोकल पकडू नका, साडेदहानंतर निघा, फिरायला साडेअकरा ते साडेतीन पुरतं आणि बाजारही साडेतीनलाच बंद होतो. रविवारवाल्यांनी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल कुठे बंद आहेत ते, बघून निघावं, माझा वॉक दोन तासांचा आणि परतीचा प्रवास त्याहून मोठा झाला होता.

पहिल्यांदाच जाताय, इतिहासाची आवड आहे किंवा बरोबर लहान मुलं आहेत, तर रविवारचा ग्रुप वाईट नाही, ट्रॅफिक नसतं हे मुलांसाठी मोठंच. प्रत्येकाची आवड वेगळी. मला मात्र परत जायचं झालं तर मी रजा टाकूनच जाईन, हवं तर आदल्या रात्री थोडं वाचून. रजा मिळतच नसेल तर पहिला किंवा तिसरा शनिवार धरा, शेअर बाजार बंद पण बँका चालू असतात, थोडी तरी जाग असते. फक्त सोमवार टाळा, रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं म्युझियम त्या दिवशी बंद असतं, आणि गंमत म्हणजे रविवारी ते उघडं असतं पण आमचा वॉक ते उघडायच्या आधीच संपला होता.