फ्रीबीएसडीसाठी छोटा, शांत डेस्कटॉप: डेस्कमिनी एक्स३०० आणि रायझन ५६००जी

एएसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० हा मदरबोर्डसकट येणारा छोटा डबा, त्यात एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वर नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम४ कूलर, १६ जीबी रॅम आणि एक एनव्हीएमई एसएसडी. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर रोजचं काम करायला टेबलावर मावणारं आणि कानाला न जाणवणारं मशीन हवं असेल तर हा संच बिनधास्त घ्यावा. नेटवर्क चिप आणि व्हिडिओ या दोन ठिकाणी मात्र जपावं लागतं.

डबा १५५ × १५५ × ८० मिमी, म्हणजे दोन लिटरच्याही आत. एसएमपीएस आत नाहीच. १९ व्होल्टचा, १२० वॉटचा अडॅप्टर बाहेर राहतो. त्यामुळे अख्ख्या मशीनमध्ये प्रोसेसरवरचा एकच पंखा फिरतो. २.५ इंची ड्राइव्हला जागा आहे, पण तिथे फिरणारी हार्ड डिस्क लावू नका. तिची घरघर पातळ पत्र्यातून थेट टेबलात उतरते आणि बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

५६००जीच का, तर ग्राफिक्समुळे. फ्रीबीएसडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सकडून येतात आणि ड्रायव्हरच्या पॅकेजच्या नावातला आकडाच त्याचं वय सांगतो. डीआरएम-५१५-केमॉड म्हणजे लिनक्स ५.१५, ऑक्टोबर २०२१ चा. डीआरएम-६१-केमॉड म्हणजे ६.१, डिसेंबर २०२२ चा. ज्या चिपचा आधार लिनक्समध्ये त्यानंतर आला, ती या ड्रायव्हरला ओळखता येत नाही. ५६००जी २०२१ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्यातलं व्हेगा ग्राफिक्स दोन्ही ड्रायव्हरना नीट कळतं. ताजा प्रोसेसर घेऊन काळ्या स्क्रीनसमोर बसण्यापेक्षा एक पिढी मागचा घ्यावा, हे फ्रीबीएसडीच्या बाबतीत खरंच हिताचं आहे.

ड्रायव्हर लावताना तीन चुका वारंवार होतात. पहिली, एएमडीजीपीयू हे ग्राफिक्सचं मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, जोडला जाणारा ड्रायव्हर) बूटच्या सुरुवातीलाच वाचल्या जाणाऱ्या लोडर.कॉन्फ फाइलमध्ये लिहिणं. ते आरसी.कॉन्फ या नंतर वाचल्या जाणाऱ्या फाइलच्या केएलडी_लिस्ट ओळीतच हवं. दुसरी, वापरकर्त्याला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालायचं राहून जाणं. मग डेस्कटॉप दिसतो, पण सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो आणि पंखा उगाच चढतो. तिसरी सर्वांत त्रासदायक. सिस्टीम १४.१ वरून १४.२ वर नेली की आधीच्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल नव्या कर्नलवर चालेलच असं नाही, कधीकधी बूट होतानाच पॅनिक येतो, म्हणजे कर्नल कोसळतो. १४.२ पासून कर्नल मॉड्यूल्ससाठी वेगळी केमॉड्स रिपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) दिलेली आहे. ती चालू असल्याची खात्री करा, नाहीतर पोर्ट्स या सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बांधण्याच्या संग्रहातून स्वतः बांधून (कंपाइल करून) घ्या.

आता आवाजाचं. मदरबोर्डवरच्या पंख्याचा वेग सिस्टीममधून बदलण्याची लिनक्ससारखी सर्वसाधारण सोय फ्रीबीएसडीत नाही. पंख्याचा सगळा कारभार बायोस बघतं, म्हणून मशीन शांत राहणार की नाही हे इन्स्टॉलेशनच्या आधीच ठरतं. रायझनचं तापमान ब्राउझरचा एखादा टॅब उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंश उसळतं आणि लगेच खाली येतं. पंखा त्याच्या मागे धावला की ‘हूंऽऽ’ करून चढतो आणि उतरतो. एकसुरी मंद आवाज कानाला सवयीचा होतो, हा चढउतार होत नाही. म्हणून बायोसमध्ये पंख्याची रेषा सपाट ठेवा: ६० अंशांपर्यंत ३० टक्के, ७० ला ४५, ८० ला ७० आणि ८८ च्या पुढे पूर्ण वेग. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

एनएच-एल९ए ३७ मिमी उंच आहे आणि डब्यात ४६ मिमीपर्यंतचा कूलर मावतो. त्याचा ९२ मिमीचा पंखा पूर्ण वेगाने मिनिटाला २५०० फेरे घेतो. सोबत येणारी रोधकाची छोटी वायर मध्ये जोडली की १८०० वर अडतो. बसवताना एक लक्षात ठेवा: याचे स्क्रू मदरबोर्डच्या खालून वर येतात. बोर्ड डब्यात पक्का करून मग कूलर हातात घेतला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. आधी बोर्ड पालथा ठेवून कूलर बसवा, चारही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा आणि मग बोर्ड आत सरकवा.

ब्राउझर, एडिटर, टर्मिनल एवढ्यावर हे मशीन खरोखर शांत राहतं. पोर्ट्स बांधायला बाराही थ्रेड जुंपले की ६५ वॉट या चपट्या कूलरला जड जातात. बायोसमध्ये सीटीडीपी (प्रोसेसरच्या वॉटची मर्यादा) ४५ वॉटवर आणा, किंवा बूस्ट (वेग आपोआप वाढवणं) बंद करून प्रोसेसर ३.९ गिगाहर्ट्झवर थांबवा. बांधणीला थोडा जास्त वेळ लागतो, पण खोली शांत राहते. सिस्टीममध्ये पॉवरडी (गरजेनुसार प्रोसेसरचा वेग बदलणारी सेवा) चालू करा आणि एएमडीटेम्प मॉड्यूल लोड करा. त्यानंतर एसवायएससीटीएल या आज्ञेत प्रोसेसरचं तापमान दिसतं.

रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, ८-८ जीबीच्या. ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एका पट्टीवर ते लंगडतं. झेडएफएस फाइल सिस्टीमवर १६ जीबी पुरते. एआरसीची (झेडएफएसच्या रॅममधल्या कॅशची) कमाल मर्यादा ४ जीबी ठेवली की ब्राउझरशी ओढाताण होत नाही.

नेटवर्क हा या डब्याचा कच्चा दुवा. चिप रिअलटेकची आरटीएल८१११एच आहे. बेस सिस्टीमचा (मूळ सिस्टीमसोबतच येणारा) आरई ड्रायव्हर ती ओळखतो, इन्स्टॉलेशन सुरळीत होतं. पण मोठ्या फाइली सतत हलवताना कन्सोलवर ‘वॉचडॉग टाइमआउट’ उमटून लिंक पडू शकते. तसं दिसलं तर रिअलटेक-आरई-केमॉड हे पॅकेज टाका आणि लोडर.कॉन्फमध्ये दोन ओळी लिहा, एक मॉड्यूल लोड करायची आणि दुसरी त्याचा पूर्ण मार्ग सांगायची. दुसरी ओळ विसरलात तर कर्नलमधला जुनाच ड्रायव्हर चालू राहतो आणि पॅकेजचा उपयोग झाला नाही असं वाटतं.

वाय-फाय हवं असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० कार्ड घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असली तरी ती फक्त इंटेलच्या बोर्डावर चालतात, इथे नुसती पडून राहतील. फर्मवेअर आणायला एफडब्ल्यूगेट ही आज्ञा पुरते.

व्हिडिओची अडचण ड्रायव्हरची नाही, चिपची आहे. ५६००जीमध्ये एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट डीकोड करणारं हार्डवेअर नाही. एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ ग्राफिक्सवर आरामात चालतात. एव्ही१ चा सगळा भार प्रोसेसरवर जातो आणि पंखा ऐकू येऊ लागतो. दिवसभर व्हिडिओच बघायचे असतील तर इंटेल एन१०० चं पंखा नसलेलं मशीन जास्त योग्य. त्यात एव्ही१ आहे, टीडीपी अवघा ६ वॉट, आणि चारही कोअर एकाच जातीचे असल्याने मिश्र कोअरमध्ये काम वाटण्याचा प्रश्नच येत नाही. पण पोर्ट्स बांधायचे असतील तर त्याच्या नादी लागू नका. शिवाय अशा बऱ्याच मशीनवर रिअलटेकची आरटीएल८१२५ ही अडीच गिगाबिटची चिप असते आणि १४.३ च्या बेस सिस्टीममध्ये तिला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हरचं पॅकेज पेनड्राइव्हवर सोबत ठेवा, नाहीतर अँड्रॉइड फोन यूएसबीला जोडून त्याचं इंटरनेट वापरा. इंटेलची आय२२६ असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

आवाज येत नसेल तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. सिस्टीमने एचडीएमआयलाच पहिलं साउंड कार्ड मानलेलं असतं. /डेव्ह/एसएनडीस्टॅट ही फाइल वाचा, हेडफोनचा क्रमांक बघा आणि तो एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट या एसवायएससीटीएल सेटिंगमध्ये भरा.

वेगळं मशीन घेणार असाल आणि ते आधी हाताळायला मिळत असेल तर फ्रीबीएसडीची मेमस्टिक इमेज (इन्स्टॉलर) उतरवलेला पेनड्राइव्ह सोबत न्या. सिक्युअर बूट बंद करा, लाइव्ह सिस्टीम निवडा, रूट म्हणून आत शिरा आणि ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ चालवा. ज्या ओळीची सुरुवात ‘नन’ने होते त्या भागाला ड्रायव्हर मिळालेला नाही. ग्राफिक्स मात्र यात फसवतं: ते चालणार नसलं तरी ‘व्हीजीएपीसीआय०’ या नावाने नीट लागल्यासारखं दिसतं. त्याचा व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांक उतरवून घ्या आणि तुमच्या आवृत्तीसाठी असलेल्या डीआरएम ड्रायव्हरमध्ये तो आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा.